छातीभर पाण्यासाठी मेटल डिटेक्टर: कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर शोध घेणाऱ्या नवख्यांसाठी

जमिनीवरचा मेटल डिटेक्टर समुद्रात न्यायचा तर सर्किटला फारसा हात लावावा लागत नाही. खरी मेहनत असते ती पाणी अडवण्याची. नवीन माणूस बहुतेक वेळा उलटं करतो. सर्किटवर आठवडे घालवतो आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी डब्याच्या कडांना सिलिकॉन फासतो. पहिल्याच लाटेला खारं पाणी आत शिरतं आणि बोर्डवरचं तांबं हिरवं पडतं. म्हणून या लेखात डबा, केबल आणि सांधे यांवर जास्त लिहिलं आहे.

लेख कुणासाठी आहे तेही आधीच सांगतो. पायाला वाळू लागते अशा पाण्यात, फार तर छातीपर्यंत, चालत शोध घेणाऱ्यांसाठी. बुडी मारून शोधायचं असेल तर तयार यंत्रच घ्या. गॅरेटचा सी हंटर मार्क २ सुमारे ६५ मीटरपर्यंत आणि माइनलॅबचा एक्सकॅलिबर २ सुमारे ६० मीटरपर्यंत चालतो. घरी बनवलेला डबा त्या खोलीवर नेऊ नये.

इथे मिळतं काय? सहलीला आलेल्यांच्या अंगठ्या, जोडवी, पैंजण, नाणी, गाडीच्या चाव्या, मंगळसूत्राच्या वाट्या. थंड पाण्यात बोटं आकसतात, त्यात साबण किंवा तेल लागलेलं असलं की अंगठी निसटते. आणि अंगठी हरवलेला माणूस अनेकदा किनाऱ्यावरच रडवेला उभा असतो. त्याची वस्तू त्याला परत मिळणं, माझ्या लेखी या छंदाचा खजिना तोच. जुन्या जहाजांची स्वप्नं घेऊन आला असाल तर पहिली पायरी दोनदा वाचा.

१. आधी कायदा, मग सोल्डर

आपल्याकडे १८७८ चा गुप्तनिधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. काय सापडलं, कुठे, कधी, हे सगळं त्यात लिहायचं. न कळवल्यास वाटा तर जातोच, शिवाय शिक्षाही होऊ शकते. शंभर वर्षांहून जुन्या नाण्याला, मूर्तीला किंवा भांड्याला १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो. कालपरवा कुणाच्या हातून पडलेली अंगठी यात येत नाही, पण ती तुमचीही होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७१ प्रमाणे सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती नीट सांभाळण्याची जबाबदारी येते.

जागांबद्दल माझा नियम सरळ आहे. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जंजिरा, अलिबागचा कुलाबा या किल्ल्यांच्या आसपास यंत्र पिशवीतूनही काढायचं नाही. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढचा २०० मीटरचा नियंत्रित असतो. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग तर २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तिथेही उकरायला जाऊ नका. वेळास, आंजर्ले अशा गावांत भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत कासवं अंडी घालतात. तिथे झारा (वाळू उपसून गाळायचं भोकांचं फावडं) टेकवायचाच नाही.

पाण्याखाली जुनं काही दिसलं तर ते आहे तिथेच राहू द्या. गोव्याजवळच्या सुंची खडकावर सतराव्या शतकातलं पोर्तुगीज जहाज फुटलं होतं. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी तिथे हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी नोंदवली. वस्तू कुठे आणि कशाशेजारी पडली होती यावरूनच त्या जहाजाचा प्रवास कळू शकला. कुणी आधी चार नाणी उचलून नेली असती तर ती माहिती कायमची गेली असती.

आता पोलीस. १९९३ साली रायगडच्या किनाऱ्यावर स्फोटकं उतरली, २००८ साली मुंबईत हल्लेखोर समुद्रमार्गे आले. त्यानंतर आपल्या किनाऱ्यावर काळा डबा आणि वायर घेऊन फिरणाऱ्याला कुणीतरी हटकणारच, आणि हटकायलाच हवं. हे कागद सोबत ठेवा:

- ओळखपत्र आणि यंत्राच्या सामानाच्या पावत्या
- ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला दिलेल्या अर्जाची पोच
- कुणासाठी विशिष्ट वस्तू शोधत असाल तर त्या व्यक्तीने दिलेलं वर्णन, वस्तूचा फोटो असल्यास तो

गावातल्या मच्छीमारांनाही आदल्या दिवशी भेटा. पाणी कुठे ओढतं, खड्डा कुठे आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

२. यंत्र कोणतं घ्यायचं

बाजारात दोन जाती आहेत. व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी, म्हणजे अगदी कमी वारंवारितेच्या) जातीचं यंत्र सतत लहरी सोडतं आणि परत आलेल्या लहरीतला फरक वाचतं. लोखंड कोणतं, नाणं कोणतं, याचा अंदाज ते देतं. गोड्या पाण्यात, म्हणजे नदीत किंवा तलावात, ते उत्तम. पण खारं पाणी स्वतःच वीजवाहक आहे. ओल्या खाऱ्या वाळूवर आणली की या जातीतली एका वारंवारितेची साधी यंत्रं उगाच ओरडतात. गॅरेट एस २५० चंच घ्या. त्याची कॉइल, म्हणजे वाळूवर फिरवायची तारेची गुंडाळी, मुळातच पाण्यात बुडवण्याजोगी आहे, सर्किटचा डबा मात्र नाही. वारंवारिता एकच, ६.५ किलोहर्ट्झ, आणि जमिनीशी जुळवून घेण्याचं बटण नाही. नदीसाठी त्याला डबा करा, समुद्रासाठी नको.

समुद्राला पल्स इंडक्शन, म्हणजे पीआय. हे यंत्र कॉइलमध्ये विजेचा एक ठोका देतं, तो तोडतं आणि मग क्षणभर थांबून ऐकतं. खाऱ्या पाण्यातला प्रतिसाद काही मायक्रोसेकंदांत विरून जातो, अंगठीतला थोडा जास्त टिकतो. ठोका तुटल्यावर साधारण १० ते १५ मायक्रोसेकंदांनी ऐकायला सुरुवात केली की पाणी गप्प आणि सोनं बोलतं. त्याहून उशीर केला तर नाजूक अंगठ्याही गप्प होतात.

याची किंमत एकच. पीआयला सोनं आणि खिळा वेगळे कळत नाहीत, जे वाजेल ते उकरावं लागतं. गणपती विसर्जनानंतर मूर्तींच्या सांगाड्यातल्या तारा आणि सळ्या वाळूत राहतात, तिथे हे फार जाणवतं.

कोकणाची माती आणखी एक अडचण घालते. रत्नागिरीच्या आसपासच्या किनाऱ्यांवर इल्मेनाइटची काळी वाळू आहे. त्या काळ्या पट्ट्यावर व्हीएलएफ गोंधळतं, पीआय बरंच शांत राहतं. उलट जांभ्याचे काही खडे पीआयलाही धातूसारखे वाजतात. जांभ्याच्या कातळाखालच्या किनाऱ्यावर पहिला अर्धा तास नुसते खडे उचलून त्यांचा आवाज ओळखायला शिका.

‘सर्फ पीआय’ या नावाने तयार बोर्ड आणि किट मिळतात. नवख्याने तेच घ्यावं.

‘लांब पल्ल्याचा सोनेशोधक’ म्हणून दोन अँटेनावाल्या मुठी विकणाऱ्यांपासून दूर राहा. मैलभर दूरचं सोनं दाखवणारं असं कोणतंही यंत्र अस्तित्वात नाही. ब्रिटनमध्ये एका विक्रेत्याने अशाच दांड्या बॉम्बशोधक म्हणून देशोदेशी विकल्या आणि २०१३ साली त्याला तुरुंगवास झाला. गुप्तधन दाखवतो म्हणणारा बाबा भेटला तर महाराष्ट्रात २०१३ चाच जादूटोणाविरोधी कायदा आहे, थेट पोलिसांत जा.

३. सामानाची यादी

इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतं. ओ-रिंग (सांध्यात बसणारं रबरी कडं), ग्लँड (केबल डब्यात जाते तिथे तिच्याभोवती आवळायचं बूच) आणि नटबोल्टसाठी मुंबईत नागदेवी स्ट्रीट.

- पीआय बोर्ड किंवा किट, ०.५ मि.मी. वाइंडिंग वायर
- ११० मि.मी. पीव्हीसी पाइपचा साधारण २५ सें.मी. तुकडा, एक साधी एंड कॅप, एक आट्यांची कॅप, सॉल्व्हंट सिमेंट
- नायट्राइल रबराची ओ-रिंग (दोन जादा घ्या), सिलिकॉन ग्रीस
- पीजी-७ आणि पीजी-९ केबल ग्लँड, गोल सालीची केबल
- सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी, आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आकसणारी) नळी
- नायलॉनचे नटबोल्ट, फायबर किंवा पीव्हीसीचा दांडा
- सिलिका जेलच्या पुड्या, मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, स्टेप ड्रिल
- स्टेनलेस स्टीलचा भोकांचा झारा, जुनी टायरची ट्यूब, प्लास्टिकचा क्रेट

४. कॉइल

तयार, पाण्यात चालणारी कॉइल मिळाली तर ही पायरी सोडा. स्वतः गुंडाळायची असेल तर २५ सें.मी. व्यासाच्या साच्यावर २० ते २१ वेढे घ्या. इंडक्टन्स ३०० मायक्रोहेन्रीच्या आसपास येतो आणि रोध दीड ओहमच्या जवळपास. मल्टिमीटरवर रोध फारच वेगळा दिसला तर वेढे मोजण्यात चूक झाली आहे किंवा वायरची जाडी वेगळी आहे.

कॉइलचा साचा कड्यासारखा, मध्ये मोकळा हवा. भरीव चकती जमिनीवर छान दिसते, पण कमरेएवढ्या पाण्यात ती हलवताना खांदा भरून येतो. पाणी मधून निघून जायला जागा हवी.

गुंडाळीवर ग्रॅफाइटचा रंग देऊन आवरण करा आणि ते सर्किटच्या ग्राउंडला जोडा. त्याने खाऱ्या पाण्याचा स्पर्श झाल्यावर येणारा खडखडाट कमी होतो. हे आवरण पूर्ण गोल बंद करायचं नाही. कुठेतरी सेंटिमीटरभर फट ठेवायचीच, नाहीतर आवरणच वीजवाहक बंद कडं होऊन कॉइलची ताकद खाऊन टाकतं. जाड ॲल्युमिनियम फॉइल वापरू नका, पीआयला तेच लक्ष्य वाटतं.

मग इपॉक्सी. एकदम भसकन ओतलं तर ते घट्ट होताना तापतं, साचा वाकडा होतो, आत बुडबुडे राहतात. दोन-तीन थरांत ओता, प्रत्येक थर थंड होऊ द्या. आत हवेची पोकळी राहिली तर कॉइल पाण्यात वर येत राहते आणि तिला खाली दाबून धरण्यातच हात जातो.

कॉइल किंवा केबल बदलली की डॅम्पिंगचा रोधक (ठोका तुटल्यावर कॉइलमधली थरथर विझवणारा) पुन्हा जुळवावा लागतो. तो साधारण ४७० ओहम ते १ किलोओहमच्या दरम्यान असतो. डबा कमरेला बांधायचा म्हणून केबल लांब केली तर तिची धारकता वाढते आणि यंत्राला ऐकायला उशीर होतो. दीड मीटरच्या आत ठेवा. उरलेली केबल गुंडाळून बांधू नका, कापा.

५. डबा

चपट्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा दिसायला सोयीचा. पण हिशेब करा. झाकण १५ × २० सें.मी. असेल तर दोन मीटर पाण्याखाली त्यावर सुमारे ६० किलोचा भार येतो. झाकण मध्ये दबतं, कडा उचलली जाते आणि रबर सुटतं. गोल पाइपवर तोच दाब चहूबाजूंनी सारखा येतो. म्हणून माझी पसंती पीव्हीसी पाइपला.

डब्यावर ‘आयपी ६७’ लिहिलेलं पाहून हुरळू नका. त्याचा अर्थ एक मीटर खोल, शांत पाण्यात अर्धा तास, एवढाच. लाट आपटते तेव्हा क्षणापुरता दाब त्याहून वाढतो.

पाइपचं एक टोक साध्या कॅपने सॉल्व्हंट सिमेंट लावून कायमचं बंद करा आणि पूर्ण एक दिवस वाळू द्या. वाफ आत असताना बोर्ड ठेवायचा नाही. दुसऱ्या टोकाला आट्यांची कॅप आणि ओ-रिंग. ओ-रिंगच्या खाचेतून बोट फिरवा. मोल्डिंगची रेघ लागली तर बारीक पॉलिश पेपरने काढा, कारण पाणी नेमकं त्या रेघेवरून आत येतं.

ओ-रिंगवरचं ग्रीस पाणी अडवत नाही, रबर बसतं ते दाबामुळे. ग्रीस रबर सरकावं आणि पिळलं जाऊ नये म्हणून असतं. बोटावर चमक येईल इतकंच लावा, जास्त लावलं की वाळू चिकटते. सिलिकॉन ग्रीस नायट्राइलला चालतं, सिलिकॉनच्याच ओ-रिंगला मात्र लावू नका, ती फुगते. ओ-रिंग असताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची गरज नाही, त्याने कॅप पूर्ण बसत नाही.

सिलिकॉन सीलंट लागलाच तर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेला मागा. व्हिनेगरसारखा वास येणारा स्वस्त सीलंट वाळताना आम्ल सोडतो आणि बंद डब्यात ते बोर्डच्या तांब्यावर बसतं. एम-सील पाइपच्या भेगेला उत्तम, पण वाकणाऱ्या केबलभोवती ते कडक होऊन तडकतं.

६. केबल आत कशी न्यायची

सर्वांत जास्त यंत्रं इथेच मरतात.

ग्लँड केबलच्या जाडीप्रमाणे निवडा. पीजी-७ मध्ये साधारण ३ ते ६.५ मि.मी. आणि पीजी-९ मध्ये ४ ते ८ मि.मी. जाडीची केबल बसते. केबल गोलच हवी. चपटी किंवा पिळाची वायर ग्लँडने कितीही आवळली तरी बाजूच्या फटीतून पाणी येतं. भोक स्टेप ड्रिलने पाडा, साध्या ड्रिलने पीव्हीसीत भोक तिरकं आणि खरबरीत होतं. भोक वक्र भागावर न पाडता कॅपच्या सपाट तळावर पाडा.

आता एक गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ग्लँड केबलच्या सालीबाहेरून येणारं पाणी अडवते, सालीच्या आतून येणारं नाही. कॉइलच्या टोकाला साल चिरली की पाणी तारांच्या बारीक पिळांमधून शोषलं जात थेट डब्यात पोचतं. डबा कोरडा, ओ-रिंग चोख, तरी आत थेंब. याला उपाय म्हणजे पाण्याचा बांध. डब्याच्या आतल्या टोकाला दोन-तीन सेंटिमीटर साल सोला, तारांचे पिळ सोल्डरने भरून टाका, त्यावर गोंदाची हीट श्रिंक चढवा आणि सगळा भाग इपॉक्सीत बुडवा. कॉइलच्या टोकालाही असाच बांध घाला.

हा सांधा फक्त कोरडा राहणं पुरेसं नाही, त्याचं इन्सुलेशनही चोख हवं. ठोका तुटतो त्या क्षणी कॉइलवर तीन-चारशे व्होल्टचा झटका उठतो. सांध्यात मीठपाण्याची पातळ रेघ जरी शिरली तरी ती रोधकासारखी वागते आणि डॅम्पिंग बिघडवते. यंत्र बंद पडत नाही, फक्त बहिरं होत जातं. रोज सुरू करण्याआधी एकच नाणं ठरलेल्या अंतरावर धरून बघण्याची सवय लावा, हा बिघाड लगेच कळेल.

७. बॅटरी, स्विच, आवाज

बॅटरीला माझं मत एए आकाराच्या निकेल मेटल हायड्राइड सेलना. १२ व्होल्ट हवे तर १० सेल. लिथियम हलकं पडतं, पण खारं पाणी आत आल्यावर बंद नळीतलं लिथियम धोकादायक आहे आणि ती नळी तुमच्या कमरेला बांधलेली असते. कोणतीही बॅटरी बंद डब्यात चार्ज करायची नाही. हायड्रोजन साठतो.

डब्याला जेवढी भोकं कमी तेवढं बरं. सेन्सिटिव्हिटी आणि डिले (ऐकण्याआधी थांबायचा वेळ) यांचे पॉट, म्हणजे फिरवायची बटणं, आतच ठेवा आणि किनाऱ्यावर एकदा लावून घ्या. चालू-बंद करण्यासाठी रीड स्विच वापरा. बाहेरून चुंबक फिरवला की आतला स्विच लागतो, भोक लागतच नाही. रीड स्विचला मोठा प्रवाह झेपत नाही, म्हणून त्याने मॉसफेट (मोठा प्रवाह झेपणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) चालवा आणि मॉसफेटने बोर्ड.

हेडफोनचा जॅक म्हणजे पाण्याला दिलेलं दार. जॅक काढा, हेडफोनची केबल ग्लँडमधून थेट आत न्या. डोकं पाण्यावरच राहणार आहे, तेव्हा तुषार सोसणारा हेडफोन पुरतो. लाटांच्या आवाजात डब्यातला बझर ऐकू येत नाही, त्यामुळे हेडफोन लागणारच.

बोर्डवर कन्फॉर्मल कोटिंगचा (ओलावा अडवणाऱ्या पातळ लेपाचा) फवारा मारा, पॉट आणि कनेक्टर मात्र टेप लावून झाका.

८. चाचणी

आधी रिकामा डबा. आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद किंवा टिश्यू ठेवा, केबलसकट सगळे ग्लँड आवळा, झाकण लावा. बादलीत दाबून धरा. बुडबुड्यांची बारीक माळ एकाच ठिकाणाहून सुटत राहिली तर तिथे गळती आहे. पृष्ठभागाला चिकटलेले सुटे बुडबुडे मोजू नका.

मग विहीर. कोकणात हे सोपं आहे. डबा स्वच्छ धुवा, दगड बांधा, दोरीला मीटरच्या खुणा करा आणि तीन मीटरपर्यंत सोडा. तासाभराने काढा. उघडण्याआधी बाहेरून पूर्ण पुसा, नाहीतर कडेवरचा थेंब आत पडून उगाच घोळ होतो. कागद कडक कोरडा असेल तरच पुढे जा. छातीभर पाण्यात डबा एक मीटरही खोल जात नाही, पण तुम्ही घसरून पडाल तेव्हा जाईल.

दुसरी चाचणी तापलेल्या डब्याची. उन्हात गाडीत तापलेला डबा थंड पाण्यात टाकला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढते. मुद्दाम तासभर उन्हात ठेवून बादलीत बुडवा. प्रत्यक्षात मात्र डबा सावलीतच ठेवायचा.

डबा बंद करायची जागाही महत्त्वाची. किनाऱ्यावरच्या दमट हवेत झाकण लावलं तर तीच वाफ थंड पाण्यात गेल्यावर बोर्डवर दव होऊन बसते. घरी कोरड्या खोलीत, सिलिका जेल घालून बंद करा.

९. तरंगणं

वर सांगितलेल्या पाइपचं आकारमान दोन लिटरच्या थोडं वर आहे. म्हणजे पाणी त्याला दोन किलोहून जास्त जोराने वर ढकलतं. आतलं सामान एक किलो धरलं तरी किलोभर ओढ उरते. डबा दांड्यावर बसवला तर दिवसभर तुम्ही त्याच्याशी झगडत राहाल. डबा पट्ट्याने कमरेला बांधा आणि ओढ मारण्यापुरतं शिसं पट्ट्यातच ओवा. जाळ्याला लावायचं शिसं बंदरावर मिळतं. पट्टा एका झटक्यात सुटेल अशी बकल हवीच. पाण्यात शिसं बांधून उभं राहायचं आणि सुटायची सोय नाही, असं कधीच होता कामा नये.

कॉइलपासून दीड-दोन फुटांत धातू नको. तिथले नटबोल्ट नायलॉनचे.

१०. पाण्यात उतरताना

ओहोटी गाठायची. भरतीची वेळ काढायला कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या, अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, आणि तिथून सहाएक तासांनी ओहोटी. हा अंदाज झाला, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, म्हणजे भरतीला पाणी सर्वांत वर येतं आणि ओहोटीला सर्वांत खाली जातं, आणि ती ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते. पहाटेची घ्या, उजेड वाढत जातो आणि गर्दी नसते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत पाणी फारसं हटत नाही, पण ओढही कमी असते. शिकायला तेच दिवस चांगले.

पावसाळ्यात जाऊच नका. जून-जुलैत मासेमारीही बंद असते, ती उगाच नाही. पावसाळी लाटा किनाऱ्याची वाळू आत ओढून नेतात आणि ती पुढच्या महिन्यांत हळूहळू परत येते. त्यामुळे समुद्र शांत झाल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास, वाळूचा थर पातळ असतो आणि खालची जड वस्तू हाताशी येते.

एकटं उतरायचं नाही. पाण्याकडे पाठ करून उकरायचं नाही. पाय उचलून न टाकता वाळूत घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेला पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकतो. २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या वेळी पाकटांनी अनेकांना दंश केला होता. दंश झालाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि दवाखाना गाठा.

वस्तू हरवलेल्या माणसाला नेमकं कुठे उभे होता ते विचारा आणि त्या वेळी पाणी कुठपर्यंत होतं तेही. ‘कमरेएवढं होतं’ हे उत्तर भरतीच्या वेळेशी जुळवलं की शोधायचा पट्टा ठरतो. तिथे दोरी लावून समांतर रेघांत चला, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवत. कॉइल वाळूला टेकेल इतकी खाली. अंगठी सापडण्याची खोली साधारण वीतभर, फार तर थोडी जास्त.

मंगळसूत्र आणि सोनसाखळीबद्दल लोकांना आधीच खरं सांगा. साखळीच्या कड्या इतक्या बारीक आणि एकमेकींपासून इतक्या सुट्या असतात की यंत्राला त्या जवळजवळ दिसतच नाहीत. मंगळसूत्र शोधताना आपण खरं तर वाट्या शोधत असतो, आणि त्या वरच्या थरात असतील तर सापडतात. नुसत्या नाजूक साखळीची आशा देऊ नका.

आवाज आला की कॉइल बाजूला घ्या, कॉइलच्या मध्याखालच्या जागेवर पाय रोवा आणि पायाच्या बोटांपुढे झारा घाला. झारा स्टीलचा असल्यामुळे तो जवळ आला की यंत्र वाजणारच. ट्यूबमध्ये अडकवलेला क्रेट दोरीने कमरेला बांधून ठेवा, झाऱ्यातली वाळू त्यात ओता, पाणी ती गाळून नेतं. खिळे, टोपणं, तारा परत टाकू नका, वेगळ्या पिशवीत घालून बाहेर आणा. अनवाणी पोरं त्याच वाळूत खेळतात. केलेला खड्डा पायाने बुजवा.

११. वस्तू सापडल्यावर आणि घरी आल्यावर

ज्याच्यासाठी शोधत होता त्याची वस्तू मिळाली तर दाखवण्याआधी खुणा विचारा: आत कोरलेलं नाव, माप, खडा. बेवारस मिळाली तर जागा, तारीख आणि फोटो यांची वहीत नोंद करा आणि पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. जुनी वाटली तर घासू नका, लिंबू-चिंच लावू नका, ओली असेल तशी ठेवा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा.

यंत्र बंद असतानाच गोड्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा. नुसत्या पाइपाने धुऊन ग्लँडच्या आट्यांतलं मीठ निघत नाही. मग पुसून, कोरड्या खोलीत झाकण उघडा, बॅटरी काढा, सिलिका जेल बदला. ओ-रिंग काढून हाताने ताणून बघा. बारीक चीर, चपटेपणा किंवा कडकपणा दिसला तर ती टाकून द्या, नवीन दहा-वीस रुपयांत येते. डबा पुढच्या वेळेपर्यंत झाकण न आवळता ठेवा, आवळून ठेवलेली ओ-रिंग महिन्या-दोन महिन्यांत चपटी होते. आणि ठरलेलं नाणं ठरलेल्या अंतरावर पुन्हा एकदा धरून बघा. आवाज सकाळपेक्षा क्षीण असेल तर कॉइलचा सांधा उघडायची वेळ झाली आहे.